जंगलातली सोपी पायवाट: बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फिरायला जाताना

"डॉक्टर, चालायला सांगता, पण चालायचं कुठे?" मुंबईतले रुग्ण हे विचारतात तेव्हा त्यांचे चुकत नाही. फुटपाथ खोदलेले, रस्त्यावर धूर आणि सोसायटीच्या आवारात गाड्या उभ्या. अशा वेळी मी बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुचवतो. सुमारे १०० चौरस किलोमीटरचे हे जंगल शहराला लागून आहे. मुख्य प्रवेशद्वार बोरिवली पूर्वेला, स्टेशनपासून जवळच आहे आणि तिथून कान्हेरी लेण्यांपर्यंत डांबरी रस्ता जातो. वाटेत सावली असते, पक्षी दिसतात, नशीब असेल तर चितळही दिसते.

"तिथे बिबट्या आहे ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. आहे. पण दिवसाउजेडी, ठरलेल्या वाटेवर, गटाने चालणाऱ्या माणसाला तो सहसा दिसतही नाही. लहान मुलांना एकटे पुढे धावू देऊ नका, अंधार पडायच्या आत बाहेर या, एवढे पुरे. या सहलीत प्रत्यक्ष त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टींचा.

किती चालावे?

कान्हेरी प्रवेशद्वारापासून साधारण ६ किलोमीटर आहे, आणि रस्ता हळूहळू चढत जातो. जाऊन-येऊन १२ किलोमीटर होतात. रोज चालण्याची सवय नसलेल्याने पहिल्याच रविवारी हे करू नये. घड्याळ लावून १५ ते २० मिनिटे पुढे जा आणि मागे फिरा. जेवढे गेलात तेवढे परतही यायचे असते, हे बरेच जण विसरतात. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, असा वेग योग्य. आठवड्याला एकूण १५० मिनिटे झाली की हृदयाला आणि साखरेला फायदा होतो. गुडघे दुखणाऱ्यांना चढापेक्षा उतार जड जातो, त्यांनी काठी घ्यावी.

आधी डॉक्टरांशी कोणी बोलावे?

नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांनी, आणि जिना चढताना छातीत दडपण येणाऱ्यांनी. चालताना छाती भरून आली, जबडा किंवा हात दुखू लागला, दरदरून घाम फुटला तर तिथेच बसा. "गेटपर्यंत जाऊ या" म्हणून चालू नका. १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्यांत आणि स्त्रियांत दुखण्याऐवजी नुसता दम लागणे हेही लक्षण असू शकते. आत सगळीकडे मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून असा त्रास असलेल्यांनी एकटे जाऊ नये.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालू नये. खिशात ग्लुकोज पावडर किंवा साखर ठेवा. हात थरथरणे, घाम, डोके हलके होणे जाणवले तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटे बसा, मग काही खा. चप्पल नको, मोजे आणि बंद बूट घाला आणि घरी आल्यावर तळपाय नीट पाहा. सुन्न पायाला खडा टोचलेला कळत नाही आणि जखम तिथूनच सुरू होते.

माकडे

माझ्या मते या सहलीतला सर्वांत टाळता येण्यासारखा धोका हाच. लेण्यांच्या परिसरात माकडे माणसाला सरावलेली आहेत. पिशवीचा आवाज झाला की जवळ येतात. त्यांना खायला घालू नका. भूतदया म्हणून दिलेले केळे पुढच्या पाहुण्याच्या मुलाला चावा मिळवून देते. माकड अंगावर आले तर डोळ्याला डोळा भिडवू नका, दात दाखवून हसू नका, पिशवी सोडून सावकाश मागे सरा.

चावले किंवा ओरखडले तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. मग त्याच दिवशी रुग्णालयात जा. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही रेबीजची लस लागते. रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. दंडात घ्यायच्या लशीचे दिवस असे: ०, ३, ७, १४ आणि २८. "बरे वाटतेय" म्हणून मधले डोस सोडू नका. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की उपचार जवळजवळ निरुपयोगी ठरतात.

साप

नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. पायवाट सोडू नका, दगडाखाली किंवा पाचोळ्यात हात घालू नका. दंश झालाच तर माणसाला शांत बसवा, अंगठ्या-पैंजण काढा, हाडाला मोडल्यावर बांधतो तशी फळी बांधून तो भाग हलू देऊ नका आणि थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. आवळून दोरी बांधणे, चिरणे, चोखणे यांनी नुकसान होते. मण्यारचा दंश फारसा दुखतही नाही, खूण नीट दिसत नाही. म्हणून दुखत नाही यावर विसंबून थांबू नका.

पावसाळा आणि नंतरचा ताप

पावसाळ्यात जंगल सुंदर दिसते, पण ओढ्यांचे पाणी अचानक वाढते. ओढ्यात उतरू नका. साचलेल्या पाण्यात किंवा चिखलात पाय बुडाले असतील, विशेषतः पायाला जखम असेल, तर लेप्टोचा धोका असतो. प्रतिबंधक गोळी घ्यायची का, हे ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा. ती स्वतःहून घेऊ नका. गरोदर स्त्रिया आणि ८ वर्षांखालील मुलांचे औषध वेगळे असते. गवतात बसणे टाळा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, घरी आल्यावर आंघोळ करून काखा, जांघा, कमरेचा पट्टा तपासा. तिथे बारीक किडे चावतात, आणि त्यांतल्या काहींमुळे स्क्रब टायफस होतो. त्यात चावल्याच्या जागी कधी कधी न दुखणारी काळी खपली दिसते.

फिरून आल्यावर ३ ते ४ आठवड्यांत ताप, जोरात डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल किंवा पिवळे होणे असे काही झाले तर डॉक्टरांना "मी जंगलात गेलो होतो, पाण्यात उतरलो होतो" हे न विचारता सांगा. मुंबईत ताप म्हटले की मलेरिया आणि डेंगीची तपासणी आधी होते. तुम्ही सांगितलेत तर लेप्टो आणि स्क्रब टायफसचा विचार पहिल्याच दिवशी होतो, आणि दोन्हींची औषधे वेळेवर सुरू झाली तर चांगली लागू पडतात.