घरमा उंदीर पडना

भडगावच्या आमच्या जुन्या घरात तुराट्यांची कणगी होती. आतून-बाहेरून शेणमातीनं सारवलेली, खाली दगड, तळाशी कडुनिंबाचा पाला. दादर, म्हणजे आमच्याकडची ज्वारी, भरण्याआधी मोठी माय, म्हणजे माझी आजी, सगळ्या फटी बोटानं चाचपायची. करंगळी शिरली तर उंदराचं पिल्लूही शिरतं, म्हणायची, आणि ते खरंच आहे.

एका पावसाळ्यात उंदरांनी बुडाशी भोक पाडलंच. ओंजळभर दादर तिनं नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं. आबा म्हणाले, पाखडा, उन्हात घाला, नाहीतर बैलांना तरी टाका. मायनं पदर खोचला आणि बुडाची सगळी दादर उकिरड्यावर ओतली. बैलांनाही दिली नाही. रात्री कळण्याची भाकरी आणि लसणाचा ठेचा होता. आबा जेवलेच नाहीत असं आई सांगायची. आत्या म्हणते, जेवले, पण बोलले नाहीत.

उंदीर दिवसाला तोळा-दोन तोळे दाणे खातो. मुतानं, लेंड्यांनी, केसांनी नासवतो ते त्याच्या कितीतरी पट. दाण्यात मुरलेलं मूत पाखडून जात नाही. पण मायची भीती त्याहून जुनी होती, सासूकडून आलेली, प्लेगची.

1896 मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला तो मांडवीत, धान्याच्या वखारींच्या वस्तीत. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. मग पोती, उंदीर, पिसवा आणि माणसं, सगळ्यांबरोबर तो पसरत गेला. उंदीर मेला की पिसवा त्याचं गार अंग सोडून दुसरं ऊन अंग शोधतात. पॉल-लुई सिमों यांनी 1898 मध्ये कराचीत पिसवाच प्लेग नेतात हे दाखवलं, पण खरं मानायला लोकांना वेळ लागला. आमच्या माणसांना एवढंच ठाऊक होतं की धाब्याच्या लाकडांतून उंदीर झिंगत खाली आला, की कुणीतरी ओरडायचं, “घरमा उंदीर पडना!” मग गोधड्या, जातं, जमेल तेवढं धान्य घेऊन माणसं मळ्यात खोपी घालून राहायची. भरल्या कणग्या मागेच राहायच्या.

पणजीची, म्हणजे मायच्या सासूची, धाकटी नणंद खोपीतली दादर सरली म्हणून एकटीच घरी गेली. पाटीभर घेऊन आली. चौथ्या दिवशी काखेत गाठ. माय हे सांगताना कधी 1918 ची मानमोडी, म्हणजे फ्लूची साथही त्यात मिसळायची, तेव्हा साल कुठलं ते धरू नये. पाटीचं मात्र ती दर वेळी तसंच सांगायची, आणि त्या पाटीतल्या दादरीची भाकरी कुणी खाल्ली नाही, हेही.

पुढे आईनं पत्र्याची कोठी आणली. मायनं तिच्यातही निंबाचा पाला घातला, झाकणावर दगड ठेवला.

पाटी घेऊन आलेल्या त्या पोरीचं नाव मला कुणी सांगितलेलं नाही. आत्याला आता नव्वदी लागलीय. दिवाळीला गेलो की आधी तेच विचारणार आहे.