कालवा नावाची लेगसी सिस्टीम

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींचा वीकेंड ठरलेला असतो. ओक ट्री रोडवर भाजी, कुणाकडे तरी पॉटलक, आणि भारतातून पाहुणे आले की न्यूयॉर्क. यातून एखादा शनिवार वाचलाच तर माझी शिफारस ऐका: डेलावेअर अँड रॅरिटन कॅनॉल स्टेट पार्क. तिकीट नाही, डोंगर चढायचा नाही, सायकल असली तर उत्तमच.

किंग्स्टनहून ग्रिग्सटाउनकडे निघालं की एका हाताला कालवा आणि दुसऱ्या हाताला मिलस्टोन नदी, मधे झाडीतून जाणारी सपाट वाट. कालव्यात कुणी कायाक वल्हवतंय, कुणी गळ टाकून बसलंय. मी या वाटेवर बऱ्याचदा जातो. एकदा मनात आलं, ही वाट इतकी सपाट कशी? उत्तर सोपं आहे. ती माणसांसाठी नव्हतीच, खेचरांसाठी होती. बोटींना दोर बांधून खेचरं याच वाटेवरून त्या ओढत न्यायची.

आता थोडा इतिहास. फिलाडेल्फियाहून न्यूयॉर्कला माल न्यायचा तर बोटींना समुद्रातून केप मेला मोठा वळसा पडायचा. म्हणून न्यू जर्सीच्या कमरेतूनच कालवा काढायचं ठरलं. १८३० साली कंपनीला सनद मिळाली आणि १८३४ साली कालवा सुरू झाला. बॉर्डेनटाउन ते न्यू ब्रन्सविक असा मुख्य कालवा ४४ मैलांचा, त्यावर १४ लॉक. शिवाय डेलावेअर नदीचं पाणी ट्रेंटनपर्यंत आणणारा २२ मैलांचा फीडर. मुख्य इंजिनियर होता कॅनव्हास व्हाइट, एरी कालव्यावर तयार झालेला माणूस. त्याचं नाव इतिहासात राहिलं.

खणणाऱ्यांचं मात्र राहिलं नाही. ते बहुतेक आयर्लंडहून पोटासाठी आलेले मजूर. कुदळ-फावडं घेऊन हातांनी खणलेला कालवा आहे हा. १८३२ साली कॉलऱ्याची साथ आली, त्यात अनेक मजूर गेले आणि कालव्याच्या आसपासच पुरले गेले, नावाच्या दगडाशिवाय. परदेशी येऊन दुसऱ्याचं प्रोजेक्ट उभं करणं हे काही आपल्यापासून सुरू झालेलं नाही. फरक एवढाच की आपण एसीत बसतो.

पुढची गंमत बघा. १८३१ सालीच कालव्याची कंपनी आणि कॅम्डन अँड अँबॉय रेल्वे यांनी हातमिळवणी केली. १८७१ साली दोन्ही पेनसिल्व्हेनिया रेलरोडने भाड्याने घेतल्या. म्हणजे प्रतिस्पर्धीच मालक झाला! कालव्यातून मुख्यतः पेनसिल्व्हेनियाचा कोळसा जायचा, तो हळूहळू रुळांवर गेला. १८९२ हे नफ्याचं शेवटचं वर्ष. तरी पुढे चाळीस वर्षं कालवा तोट्यात चालू राहिला आणि १९३२ साली बंद झाला.

इथे खरी गोष्ट सुरू होते. अमेरिकेत असे कितीतरी कालवे बुजले आणि विसरले गेले. याचाही ट्रेंटनकडचा काही भाग बुजवून त्यावर रस्ते झालेच. मग बाकीचा वाचला कसा? इतिहासप्रेमींनी नंतर खूप केलं, १९७३ साली ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नाव लागलं, १९७४ साली स्टेट पार्क झाला. पण मधली चाळीस वर्षं? तोपर्यंत त्याला कुणी जिवंत ठेवलं?

नळाने! राज्य सरकारने कालवा ताब्यात घेतला आणि पिण्याच्या व कारखान्यांच्या पाण्यासाठी वापरायला काढला. ज्या फीडरने बोटी तरंगाव्यात म्हणून पाणी आणलं होतं, तोच आता शहरांची तहान भागवतो. आजही मध्य न्यू जर्सीतल्या लाखो लोकांचं पाणी इथून जातं. कदाचित तुमच्या आजच्या चहातलंसुद्धा.

आपल्या धंद्यात अशा जुन्या सिस्टीम सगळ्यांनी पाहिल्या असतील. लिहिणारे कधीच गेले, मूळ उद्देश संपला, पण बंद करायला कुणी धजत नाही, कारण खाली काहीतरी महत्त्वाचं तिच्यावर चालू असतं. आपण अशा सिस्टीमला नावं ठेवतो. मला मात्र या कालव्यामुळे तिच्याबद्दल थोडा आदर वाटायला लागलाय. वारसा म्हणून कौतुक व्हायच्या आधी बरीच वर्षं नुसतं उपयोगी पडत राहावं लागतं. आपल्याकडचे जुने तलाव, बारव, नहरी यांचंही तेच. पाणी भरणं थांबलं की कचरा पडायला लागतो, आणि मग वाचवा-वाचवा म्हणायला उशीर झालेला असतो.

असो. जायचं असेल तर ऑक्टोबरमध्ये जा, झाडं रंगलेली असतात. डब्यात पोहे न्या. आणि कचरा परत आणा हो, ते पिण्याचं पाणी आहे!