देणगी आणि सवड

अर्थकारणाच्या प्राध्यापकाला संशोधनासाठी पैसा कोण देतो? हा विषय निघाला की मला पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट आठवते. १९३० साली रा. रा. काळे (हे ‘राजमान्य राजश्री’ नव्हे बरं का, आद्याक्षरं!) यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीला देणगी दिली, तिच्यातून ही संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक, ते थेट १९६६ पर्यंत. वाई तालुक्यातल्या शेतीची पाहणी याच संस्थेची. पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला खंड आला १९४५ साली, दुसऱ्याला १९५२ उजाडलं. सात वर्षं! आज दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला एवढी सवड कोण देईल? त्याच्या प्रकल्पात अहवालाची तारीख आधी ठरते, प्रश्न मागाहून.