जपानी भाषेचे शिक्षण आणि ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालय : धानोऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रात जपानी भाषेच्या शिक्षणाचा विषय निघाला की पुण्याचे नाव प्रथम घेतले जाते. गडचिरोली जिल्ह्यातील धानोऱ्याचे नाव कोणी घेत नाही. पाचव्या अनुसूचीत समाविष्ट असलेल्या या वनव्याप्त तालुक्यातील अनेक मुले घरी गोंडी बोलतात, शाळेत मराठीतून शिकतात आणि पुढे हिंदी व इंग्रजी आत्मसात करतात. अशा विद्यार्थ्यांनी अकरावी-बारावीत जपानी शिकावी काय, आणि शिकायची तर कोणत्या पायावर, या प्रश्नाचा प्रस्तुत लेखात ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

जपानपासून घेतलेला पहिला धडा

महाराष्ट्राने जपानकडे आदर्श म्हणून पाहिले ते स्वदेशीच्या काळात. तळेगाव येथे १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. त्याची धुरा वाहणारे ईश्वरदास वार्ष्णेय जपानमध्ये काचविद्या शिकून आले होते. परंतु शिक्षणाच्या इतिहासात अधिक मोलाची घटना १९१५ ची आहे. तोकियोतील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या वाचनात आली. हे विद्यापीठ नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये स्थापन केले होते. त्याच वर्षी मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्वे यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ती प्रत्यक्षात आणली. या विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम मातृभाषा होते. इंग्रजी हा विषय म्हणून शिकविला जाई. म्हणजेच महाराष्ट्राने जपानपासून प्रथम घेतले ते त्याची भाषा नव्हे, तर आपल्या भाषेतून आधुनिक ज्ञान मिळविता येते हा विश्वास होय.

नगरकेंद्रित विस्तार

जपानी भाषेचे पद्धतशीर अध्यापन पुण्यात १९७० च्या दशकापासून रुजले. पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ यांचा त्यात महत्त्वाचा वाटा आहे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेचे पुणे हे एक प्रमुख केंद्र बनले. पुढे वाहन उद्योग आणि माहिती तंत्रज्ञान यांमुळे दुभाषे व अनुवादक यांची मागणी वाढली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००६ मध्ये शालेय अभ्यासक्रमात जपानीचा समावेश केला. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या भाषाविषयांतही जपानीला स्थान मिळाले. तथापि विषय सूचीत असणे आणि तो शिकविणारा शिक्षक वर्गात असणे यांत अंतर असते. हे अंतर शहरात खाजगी वर्ग भरून काढतात. वनक्षेत्रातील विद्यार्थ्याला तो मार्ग उपलब्ध नसतो.

भाषिक व सांस्कृतिक जवळीक

जपानी भाषा अत्यंत कठीण असते, हा समज अंशतःच खरा आहे. तिच्या अक्षरमालेत आ, इ, उ, ए, ओ हे स्वर आणि त्यानंतर क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी येतात. हा क्रम बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून आत्मसात केलेल्या भारतीय वर्णमालेवरून सिद्ध झाला आहे. वाक्यरचनेतही क्रियापद शेवटी येते. 'मी भात खातो' हे वाक्य जपानीत 'वाताशि वा गोहान ओ ताबेमासु' असे होते. शब्दांचा क्रम जराही बदलत नाही. 'वा' आणि 'ओ' हे शब्द मराठीतील प्रत्ययांप्रमाणे नामाच्या मागून येतात. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा असून तिच्यातही क्रियापद शेवटीच येते. त्यामुळे इंग्रजीच्या द्वारे जपानी शिकविण्यापेक्षा मराठी-गोंडीच्या आधारे शिकविणे अधिक सुलभ ठरेल. खरी अडचण चित्रलिपीची आहे. दैनंदिन वापरासाठी निश्चित केलेल्या २,१३६ कांजी चिन्हांना सरावावाचून पर्याय नाही.

संस्कृतीच्या अंगानेही विदर्भ जपानला अपरिचित नाही. जपानी भिक्षू सुरेई ससाई यांनी नागपूर ही आपली कर्मभूमी मानली आणि १९८८ मध्ये भारतीय नागरिकत्व स्वीकारले. कामठी येथील ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार १९९९ मध्ये जपानी सहकार्यातून उभे राहिले.

गाडिवाट आणि मोहगाव

२०१९ हे वर्ष या विषयात लक्षणीय ठरते. त्या वर्षी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील गाडिवाट येथील जिल्हा परिषद शाळेने विद्यार्थ्यांना एखादी परकीय भाषा निवडण्यास सांगितले. यंत्रमानवाच्या कुतूहलापोटी मुलांनी जपानी निवडली. एका जाणकाराने विनामूल्य शिकविले आणि टाळेबंदीच्या काळात, ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांच्यापर्यंत इतर मुलांनी धडे पोहोचविले. याच वर्षी धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. एका गावाने दूरची भाषा जवळ केली, तर दुसऱ्याने घरची भाषा शाळेत आणली. वरकरणी या दिशा परस्परविरोधी वाटतात; परंतु कर्वे यांच्या दृष्टीने पाहता त्या एकमेकींना पूरक आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही प्रारंभिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचा आग्रह आहे आणि माध्यमिक स्तरावर जपानीसह परकीय भाषांची तरतूद आहे.

समारोप

हा प्रश्न केवळ सांस्कृतिक नाही. जानेवारी २०२१ मध्ये भारत व जपान यांच्यात विशिष्ट कौशल्यधारक कामगारांसंबंधी करार झाला. या मार्गाने वृद्धशुश्रूषा, शेती, बांधकाम आदी क्षेत्रांत जाण्यासाठी जपानीचे प्राथमिक ज्ञान सिद्ध करावे लागते. हे ज्ञान केवळ शुल्क भरून मिळणार असेल, तर धानोऱ्यातील विद्यार्थी संधीपासून वंचित राहील, किंवा मध्यस्थाच्या शब्दावर विसंबून करारावर सही करील. ज्याला करारातील भाषा वाचता येते, त्याची फसवणूक सहजासहजी होत नाही. म्हणून शासकीय व अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयांतून, मराठी आणि गोंडीच्या आधारे, जपानीचे अध्यापन होणे इष्ट आहे. मातृभाषा भक्कम असलेल्या विद्यार्थ्याला परकीय भाषा हे ओझे वाटत नाही. महाराष्ट्राने शतकापूर्वी जपानपासून घेतलेल्या धड्याचा हाच अर्थ आहे.