खडूची छाया, मद्रासची रेषा

उत्तर-दृक्प्रत्ययवादी चित्रकारांचे भारतीय कलेवरील ऋण सांगताना बहुधा व्हॅन गॉग आणि गोगँ यांच्या रंगांकडेच बोट दाखविले जाते. मनुष्याकृतीचे काय करावयाचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न मात्र रंगाहून कमी बिकट नव्हता. झॉर्झ सरा याच्या खडूच्या रेखाटनांत तो उघड दिसतो. काळा काँते खडू खरखरीत कागदावरून फिरविला म्हणजे तो उंचवट्यांवर तेवढा बसतो. खळग्यांतला पांढरेपणा शाबूत राहतो. त्या दाणेदार काळोखातून पाठमोरी, वाकलेली, वाचीत बसलेली माणसे वर येतात. त्यांना बाह्यरेषा जवळजवळ नसते आणि चेहरे बहुधा पुसलेले असतात. १८८३ च्या पॅरिसमधील सालोंमध्ये सराचे जे रेखाटन लागले, त्या अमान-जाँ या मित्राच्या व्यक्तिचित्रात मात्र चेहरा ओळखू येतो.

मद्रासने ही छायेची वाट धरली नाही. येथील कलाशाळेत १९३६ मध्ये दाखल झालेले आणि १९५७ मध्ये तिचे प्राचार्य झालेले के. सी. एस. पणिक्कर (१९११–१९७७) यांच्या आरंभीच्या चित्रांवर व्हॅन गॉग-गोगँचा ठसा आहे; त्यांत माणसे ठळक आहेत. पण १९६३ पासूनच्या ‘शब्द आणि चिन्हे’ या मालिकेत लिपीसदृश अक्षरे, कुंडल्यांसारखे तक्ते आणि आकडे यांनीच पट व्यापला. माणूस उरलाच, तर चिन्हाच्या आकाराचा. हे धाडस होते, तसाच तो तोटाही होता.

पणिक्करांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये इंजंबाक्कमच्या किनाऱ्यावर चोलमंडल हे कलावंतांचे गाव उभे राहिले. आज हा भाग चेन्नई महानगरपालिकेच्या शोळिंगनल्लूर विभागात मोडतो. जमिनीचा पैसा बाटिकसारख्या हस्तकलेच्या विक्रीतून जमला. चित्रे तेव्हा पोट भरण्याइतकी खपत नव्हती.

याच गावात पणिक्करांचा शिष्य के. रामानुजम (१९४१–१९७३) राहत असे. गुरूच्या पटावरून उतरलेली मनुष्याकृती त्याच्या शाईच्या चित्रांत पुन्हा उभी राहिली, आणि तीही रेषेने, छायेने नव्हे. बारीक रेघांचे जाळे विणून त्याने स्वप्नातले राजवाडे आणि अद्भुत प्राणी रेखाटले. त्या गर्दीत वारंवार एक हॅटवाला इसम दिसतो; तो रामानुजम स्वतः.