एका कार्डावरचे दोन पिचर

‘नमुना चुकीचा निवडला तर बिघडतं काय?’ असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. व्याख्या पाठ करण्यापेक्षा आज अमेरिकेतल्या बेसबॉल कार्डांचा थोडा इतिहास बघू.

१९६७ साली टॉप्स कंपनीने न्यूयॉर्क मेट्स संघाच्या दोन नवख्या पिचरांचं (पिचर म्हणजे तिकडचा गोलंदाजच समजा) एकच कार्ड छापलं, क्रमांक ५८१. एक टॉम सीव्हर, दुसरा बिल डेनेही. त्या वर्षीचा मोसम सुरू झाला तेव्हा मेजर लीगमध्ये दोघांच्याही खात्यावर शून्य विजय होते. पुढे सीव्हरने ३११ सामने जिंकले आणि १९९२ मध्ये त्याची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. डेनेहीच्या वाट्याला अख्ख्या कारकिर्दीत एकच विजय आला. आज ते कार्ड ‘सीव्हरचं’ म्हणूनच ओळखलं जातं.

आता कोणी म्हणालं, ‘नवख्यांची कार्डं जमवा, सीव्हरचं बघा किती महाग झालं!’ तर तुम्ही काय विचाराल? पहिला प्रश्न: बाकीच्यांचं काय झालं? ब्रायन टेलरला १९९१ च्या ड्राफ्टमध्ये यांकीज संघाने सगळ्यांत आधी निवडलं, १५ लाख ५० हजार डॉलर मोजून. १९९२ मध्ये त्याचं कार्ड आलं. डिसेंबर १९९३ मध्ये एका मारामारीत त्याचा खांदा दुखावला आणि मेजर लीगमध्ये तो एकदाही खेळला नाही. अशी कार्डं खोक्यात पडून राहतात, म्हणून गोष्टीत येत नाहीत.

दुसरा प्रश्न: किंमत फक्त गुणवत्तेचीच आहे का? ५८१ हे कार्ड त्या वर्षीच्या शेवटच्या मालिकेतलं, म्हणून कमी छापलेलं. नव्वदीच्या सुरुवातीला मात्र कार्डं ढिगाने छापली गेली. म्हणजे दुर्मीळपणाही किमतीत मिसळलेला आहे, तो वेगळा काढावा लागतो.

तिसरा: मोजमाप कधी थांबवलं? स्टीफन स्ट्रासबर्ग पहिला सामना खेळण्याआधीच २०१० मध्ये त्याचं एकमेव प्रत असलेलं कार्ड १६,४०३ डॉलरला गेलं. जूनमध्ये पदार्पणात त्याने १४ जणांना बाद केलं, सप्टेंबरमध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली. २०१९ मध्ये तोच वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जून, सप्टेंबर आणि २०१९, तिन्ही वेळी निष्कर्ष वेगळा निघाला असता.

हे सांगतोय कारण मी स्वतः यात अडकलोय. पहिल्या वर्षी चांगले आलेले सहाच नमुने घेऊन मी आलेख दाखवला. गाइडनी एवढंच विचारलं, “बाकीचे चौतीस कुठे आहेत?” ते मी वहीत नोंदवलेच नव्हते. चार महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

तेव्हा आजपासून एक करा. फसलेला प्रयोगही तारखेसकट वहीत लिहा. तुमच्या कार्डावरचा डेनेही खोडू नका.