वाघाचे नाव, कुत्र्याचे व्रत
सांगलीजवळच्या कुपवाडचा मुलूख खंडोबाच्या दोन ठाण्यांच्या मधला. वायव्येला कऱ्हाड तालुक्यातले तारळीकाठचे पाल, जिथे पौषात खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते. आग्नेयेला बेळगाव जिल्ह्यातले मंगसुळी. या टापूत पिढ्यान्‌पिढ्या जागरण घालणारा वाघ्या म्हणजे रूप पालटणारा भक्त. 1974 साली निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातही ड्रुइड हे रूप पालटणारे पात्र आहे. 2014च्या नियमपुस्तकात पशुरूपात तरबेज असलेल्या ड्रुइडांच्या पंथाला चंद्राचे नाव आहे. तिथे पशुरूप ही कमावलेली ताकद. हवी तेव्हा अंगावर घ्यावी, नको तेव्हा उतरवावी. वाघ्याचे रूप मात्र चाकरीचे आहे, आणि त्याच्या नावाचा उलगडाही चाकरीतूनच होतो, असे मला वाटते.

नाव वाघाचे आणि वागणे कुत्र्याचे, हा पेच आधी नीट पाहायला हवा. गळ्यात भंडाऱ्याची व्याघ्रचर्माची पिशवी, हातात दिमडी, सोबत कोटंबा हे लाकडी भिक्षापात्र. जुन्या वर्णनांतला वाघ्या हा कोटंबा जमिनीवर ठेवतो, भुंकतो आणि हात न लावता तोंडानेच त्यातले अन्न खातो. खंडोबाच्या नजरेने वाघांची माणसे झाली, ती हे वाघ्ये, अशी कथा आहे. म्हणजे रानातला वाघ देवाच्या दारी आला आणि राखणीचा कुत्रा झाला. नाव पूर्वीच्या उग्रपणाची आठवण ठेवते, व्रत आजचे नाते सांगते. पिशवीच्या कातड्यावरून नाव पडले, बाकी कल्पना नंतरची, असे कुणी म्हणेल. पण कर्नाटकात खंडोबाचेच रूप असलेल्या मैलाराचे भक्त गोरवय्या काळी कांबळी पांघरतात, त्यांच्या नावात वाघ नाही. तरी तेही देवाचे कुत्रे होऊन भुंकतात आणि पात्रात तोंड घालून खातात. शिवाय 1972च्या वन्यजीव कायद्याने नव्या व्याघ्रचर्माची वाट बंद केली, वाघ्या मात्र उरला. कातड्यावर सारे अवलंबून असते, तर असे झाले नसते.

हे सारे भिक्षेसाठीचे सोंग, हा आक्षेप अधिक जुना आणि अधिक वजनाचा. दारोदार फिरणाऱ्या दारवाघ्याला तो थोडाफार लागूही पडेल. घरवाघ्याचे काय? तो संसारी असतो, नवस फेडण्यापुरते वाघ्याचे व्रत घेतो. त्याला कुणाच्या पीठमिठाची गरज नसते. चार माणसांत मान असलेला गृहस्थ भुईवरच्या कोटंब्याला तोंड लावतो, तेव्हा तो आपला मानच देवापुढे खाली ठेवत असतो. वाघ्याचे हे दोन प्रकार बळावरून पडलेले नाहीत, चाकरी किती काळाची यावरून पडले आहेत.

पण चाकरी म्हटली की ती कुणाच्या संमतीने, हे विचारावेच लागते. प्रौढ पुरुष स्वतःहून व्रत घेतो; खंडोबाला मुरळी म्हणून वाहिलेल्या लहान मुलीला कुणी विचारलेच नव्हते. नवस आईबापांचा, जन्म तिचा. परंपरेचा मान राखावा म्हणून हा भेद झाकणे मला मान्य नाही. मुंबई प्रांतात 1934 साली आणि महाराष्ट्रात पुन्हा 2005 साली मुली देवाला वाहण्याच्या देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले, ते योग्यच झाले.